हॉल्टच्या खिडकीशी उभे राहणारे इनामदार साहेब

सोमवार होता, सकाळचे साडेसात. मी तिकिटाच्या खिडकीत बसून तारखेचा शिक्का रद्दी कागदावर उठवून पाहत होतो. शिक्क्यात आदल्या दिवसाची तारीख राहून जाईल, ही धास्ती मला रोजच असते. तेवढ्यात काळा कोट घातलेले एक गृहस्थ समोर उभे राहिले आणि म्हणाले, "शिक्का बरोबर उठलाय. पण तो मारणार कुणाच्या तिकिटावर?" मी मान वर केली. फलाट माणसांनी भरला होता, खिडकीशी मात्र कुणीच नव्हतं. तिकीट तपासनीस रज्जाक इनामदार साहेब यांची आणि माझी ही पहिली भेट.

आमचं स्टेशन म्हणजे हॉल्ट. इथे रेल्वेचा नोकर नसतो, तिकीटविक्री कमिशनवर दिलेली असते. माझी दहावी अर्धवट राहिली, त्यामुळे हेच काम मला मोठं आहे. सकाळची शटल इथे थांबते म्हणून गावातली माणसं नगरला एमआयडीसीत कामाला जातात आणि माझी बहीण कॉलेजला जाते. एसटीचा फाटा लांब आहे. विक्री वाढली नाही तर थांबा बंद होईल, असं कळवण्यात आलं, तेव्हा गावाने सभा घेतली. वर्गणी काढून सरपंचांनी माझ्याकडून तिकिटांची चळत नेली आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवली. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. दुसऱ्या दिवशी गाव नेहमीसारखंच बिनतिकीट गाडीत बसलं.

साहेबांनी डब्यात पहिल्यांदा सरपंचांनाच विचारलं. सरपंच म्हणाले, "अख्ख्या गावाची तिकिटं काढल्यात साहेब. कपाटात हायेत."

"म्हणजे तुमच्याकडे तिकिटं कपाटात बसतात आणि माणसं गाडीत."

"आवो, परवा आमच्या रानात हुरडा खाल्ला न्हवं तुमी?"

"हुरडा फार गोड होता. पावतीवर नाव पूर्ण लिहू ना?"

डबा हसला. सरपंचांनी दंड भरला आणि शेवटी तेही हसले.

पण दंडावर साहेबांचा भर नव्हता. ते मला म्हणायचे, "गाडीत पकडलेला माणूस पुढच्या वेळी डबा बदलतो. फलाटावर विचारलेला माणूस खिडकीशी येतो." म्हणून आमच्या बाजूची ड्युटी असली की साहेब आधीच्या गाडीनेच येत आणि माझ्या खिडकीशेजारी उभे राहत. येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारून घरची चौकशी करत आणि त्याच सुरात विचारत, "तिकीट?" चारचौघांत कुणाची शोभा झाली नाही. हळूहळू खिडकीशी रांग लागू लागली आणि थांबा टिकला.

दया म्हणून साहेबांनी कधी कुणाचं तिकीट स्वतःच्या पैशांनी काढलं नाही. नगरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या भामाबाई एकदा त्यांना म्हणाल्या, "रोजचं तिकीट न्हाई परवडत, दादा. मेथीच्या जुड्या त्यातच जात्यात."

"मग महिन्याचा पास काढा, मावशी."

"पास नोकरीवाल्यांचा असतोय. मला कोन देतंय?"

साहेब त्या दिवशी भामाबाईंना नगर स्टेशनच्या खिडकीवर घेऊन गेले. बाई सही करेपर्यंत मेथीची पाटी साहेबांच्या हातात होती. पास रोजच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, हे बाईंना तेव्हा कळलं. आता बाजारातल्या इतर बायकांना त्या स्वतःच पास काढायला नेतात.

निवृत्तीच्या दिवशी साहेब शेवटचे आमच्या हॉल्टवर आले. रेल्वेचा फुकट प्रवासाचा पास खिशात असतानाही त्यांनी नगरचं तिकीट मागितलं. मी म्हणालो, "साहेब, तुम्हाला कशाला?" ते म्हणाले, "तुमच्या हॉल्टचं एक वाढेल. आणि हे कपाटात ठेवणार नाही, याच्यावर जाणार आहे."

त्यानंतर साहेब लेकीकडे सोलापूरला राहायला गेले. त्यांच्या जागी आलेले साहेब चांगले आहेत, पण ते गाडीतच असतात. काही पोरं आता पलीकडच्या बाजूने रूळ ओलांडून डब्यात चढतात. विक्री पुन्हा उतरली आहे आणि थांबा बंद करण्याची भाषा पुन्हा सुरू झाली आहे. मी खिडकीतून नावं घेऊन हाका मारतो, पण माझा आवाज फलाटाच्या टोकापर्यंत पोचत नाही. गाडी येण्याआधी खिडकीशेजारची ती जागा मी रोज पाहतो. तिथे कुणी उभं राहत नाही. सामानही ठेवत नाही.

साहेबांना यंदा साठ वर्षे पूर्ण झाली म्हणून नगरला सत्कार होणार आहे. शाल, श्रीफळ तिथे मिळेलच. आम्हा गावकऱ्यांची विनंती एवढीच, की समारंभाला येताना साहेबांनी आमच्या हॉल्टवर उतरावं आणि सकाळच्या शटलच्या वेळी खिडकीशेजारी उभं राहावं. ती पोरं मुकाट्याने रांगेत येतील, अशी माझी खात्री आहे. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि ही फेरी त्यांना पुढची पुष्कळ वर्षे करता येवो.

त्या दिवशीची तारीख मी आदल्या संध्याकाळीच शिक्क्यात लावून ठेवीन. साहेब नगरचं तिकीट मागतील. मी पैसे घेईन, कारण नको म्हणालो तर ते गाडीत बसणार नाहीत.