मधली पूर्व

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी टीव्हीवर बातम्याच पाहत होते. ‘मध्यपूर्वेत पुन्हा हल्ले...’ मामा शेजारी असते तर त्यांनी टीव्ही बंद केला असता. “कुणाच्या पूर्वेला गं? साताऱ्याहून तर तो मुलूख पश्चिमेला!”

नव्वदीतले माझे मामा जन्मभर साताऱ्यात भूगोल शिकवत आले. या एका शब्दावर त्यांचा अख्खा तास जाई. साहेबानं लंडनच्या आपल्या दारापासून मोजलं, म्हणायचे. शेजारची ती जवळची पूर्व, चीन-जपान ती लांबची, उरली ती मधली. साहेब गेला, त्याची मोजणी राहिली, आणि आपण अजून तीच गिरवतोय! आम्ही भाचरं त्यांची चेष्टा करायचो. आता लाज वाटते.

कारण गेल्या महिन्यात, शेवटच्या भेटीत, त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ साहेबाच्या पलटणीतून लढाईवर गेले, ते परतलेच नाहीत. माण तालुक्यातल्या गावाकडच्या घरी इंग्रजी पत्र आलं : मिडल ईस्टमध्ये कामी आले. वाचणाऱ्यानं ‘मधली पूर्व’ असा अर्थ सांगितला. झालं! तेव्हापासून आजी रोज पहिल्या भाकरीचा घास परसात उगवतीला ठेवायची. “जेव रं बाळा,” म्हणायची. अशी पाच वर्षं गेली. मग एके दिवशी शाळेत नकाशा पाहून अकरा वर्षांचे मामा धावत घरी आले.

“आये, तू उलटीकडं ठेवतीस. दादा मावळतीला हाय!”

आजीनं हातातली भाकरी परातीत टाकली. “मंग इतकी वर्सं त्यो उपाशीच ऱ्हायला व्हय रं?”

त्यानंतर तिनं कुठल्याच दिशेला घास ठेवला नाही. वर्षभरात तीही गेली. “नकाशा बरोबर होता गं,” मामा म्हणाले, “पण तिच्याकडं तेवढंच उरलं होतं, ते मी काढून घेतलं...” आणि लहान मुलासारखे रडले. मला त्या शब्दाचा असा संताप आला, की काय सांगू.

दहाव्याला साताऱ्याला गेले. मामांची सून त्यांची खोली आवरत होती. मामा म्हणजे उभ्या आयुष्यात कधी श्राद्ध न केलेला माणूस! पण ती म्हणाली, “वन्सं, मामंजी रोज सकाळी पहिला घास खिडकीत ठेवायचे. चिमण्यांना, म्हणायचे.”

“पश्चिमेच्या ना?” मी विचारलं.

“नाही, दोन्ही खिडक्यांत.”

दादा कुठे आहे, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. तरी उगवतीचा घास त्यांनी चुकवला नाही. आई चुकली, असं पुन्हा म्हणायचं धाडस त्यांना झालं नसावं... तीन आठवडे झाले, दोन्ही खिडक्या रिकाम्या आहेत.