ओला दुपट्टा

मे महिन्यात नागपुरात नवरा बायकोला गाडीच्या नंबरवरून ओळखतो. उन्हापायी प्रत्येक बाई दुपट्टा असा गुंडाळते की नुसता गॉगल दिसावा. या प्रकाराची नक्कल मी फार झकास करायचो. रुग्णवाहिकेवर नोकरी करणाऱ्याला नकला याव्याच लागतात, नाहीतर घास उतरत नाही. ही नक्कल मात्र आता बंद केली आहे.

कोराडीचा रस्ता, भर दुपार. कोळशाच्या ट्रकचा धक्का लागून एक जोडपं मोटरसायकलवरून पडलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा नवरा पाय धरून असा ओरडत होता, की माझ्यातल्या नटालाही हेवा वाटावा. सगळी गर्दी त्याच्याभोवती.

"ओ साहेब, इकडे या ना! पाय तुटला याचा!"

"ओरडून राहिला ना? मग थोडा वेळ थांबू शकतो तो," मी म्हणालो.

"काय दगड माणूस आहे बे," मागून कुणीतरी म्हणालं.

दगड तर दगड. ओरडायला छातीत हवा लागते. म्हणून आमच्यात आधी गप्प पडलेला माणूस शोधतात.

ती कडेला, कडुलिंबाच्या सावलीत होती. लोकांनी तिला मायेनं निजवलं होतं, डोक्याखाली पिशवीसुद्धा दिली होती. शेजारचा रसवंतीवाला तिच्या चेहऱ्यावर बादलीतलं पाणी ओतत होता. दुपट्टा तसाच घट्ट, आणि आता भिजून नाकातोंडाला चिकटलेला.

"दुपट्टा काहून नाही काढला?" मी ओरडलो.

"परक्या बाईच्या तोंडाले कसा हात लावाचा, साहेब? नवरा समोर आहे. म्हणून वरूनच थंड करून राहिलो."

मी कात्रीनं दुपट्टा कापला. ओठ वांग्याच्या रंगाचे. "ताई, ऐकू येतं का?" म्हणत खांदे दाबले. काही नाही. आमच्या ड्रायव्हरनं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, पिशवी अलगद काढली, आणि मान न हलवता मी तिचा जबडा पुढे घेतला. तोंडातलं रक्त यंत्रानं ओढलं. छातीकडे बघत गाल तिच्या नाकाजवळ नेला. श्वास नव्हता. मानेपाशी नाडी मात्र होती, अगदी बारीक. मास्क लावून हवा भरू लागलो, तशी छाती वर आली. मला टाळी वाजवावीशी वाटली, पण हात मोकळे नव्हते.

गाडीत नवऱ्याचं ओरडणं थांबलं होतं.

"काहून बोलत नाही ती? निघताना भांडली होती माह्याशी. त्याच्यानं रुसली का?"

"भांडणारी बाई सहजासहजी हरत नाही, भाऊ," मी म्हणालो. तो थोडासा हसलाही.

संध्याकाळी ती गेली.

काही दिवसांनी आम्ही त्याच रसवंतीपाशी थांबलो. रसवाल्यानं मला ओळखलं आणि न सांगता जास्तीचं लिंबू पिळलं.

"ते बाई वाचली ना, साहेब? मी बादलीभर पाणी टाकलं होतं तिले."

थाप माझ्या ओठांवर तयार होती. आयुष्यभर थापांवरच तर टाळ्या घेतल्या. पण कडुलिंबाखाली ती बादली भरून ठेवलेली होती, आणि समोरून ट्रक जातच होते.

"नाही वाचली. डोक्याला मार होता," मी म्हणालो. तो होताच. "पण यानंतर कोणी पडलं, तर आधी तोंड उघडं करायचं. बाई असली तरी, नवरा समोर असला तरी. डोक्याखाली काही द्यायचं नाही, मान वाकून श्वास अडतो. आणि पाणी टाकायचं नाही."

चरकात अर्धा ऊस गेला होता. त्यानं यंत्र बंद केलं.

"कपड्यातून श्वास नाही जात का, साहेब?"

"कोरड्यातून जातो."

त्यानं बादलीकडे पाहिलं. मग आपला गळ्यातला दुपट्टा त्यानं तोंडाभोवती गुंडाळला आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर उताणा झाला.

"दाखवा मले. कसं कराचं ते."

मी वाकलो, त्याचे खांदे दाबले आणि विचारलं, "भाऊ, ऐकू येतं का?"

माझ्या हातांखाली त्याचे खांदे हलत होते. डोळ्यांतलं पाणी दुपट्ट्यात उतरत होतं.