चार रविवारचे निरोप

गव्हाण गावाहून निघाले त्या सकाळी आई गाडीपर्यंत आलीच नाही. ओसरीवरूनच ओरडली, "पाठी बघू नको. आनि काम अर्ध्यावर टाकून येऊ नको." मिठागरावर आयुष्य काढलेली बाई. भरतीचं पाणी आत घेतलं की मीठ पडेपर्यंत हलायचं नाही, एवढंच तिला ठाऊक. मला तिचा भयंकर राग आला होता. विमानतळावर बाकीच्यांच्या आया रडत होत्या.

इथे जर्मनीत मी चंद्राच्याही पलीकडे माणसं नेणाऱ्या यानाच्या हवेचं काम बघते. चौघांचा उच्छ्वास शोषून घ्यायचा, पुन्हा श्वास घेण्याजोगी हवा द्यायची. तिकडे मिठागरं बुजली, घरावरून विमानं जायला लागली, आणि मी आपली एका केबिनमधला दमटपणा मोजत बसलेली.

गेल्या वर्षी त्या केबिनच्या चाचणीसाठी तीस दिवस आत बंद राहणारी चौघं हवी होती. यान जमिनीवरच, पण दार उघडायचं नाही. मी हात वर केला. आत जाण्यापूर्वी एक फॉर्म भरावा लागतो: घरी काही वाईट घडलं, तर कळवायचं का? एक माणूस बाहेर पडला तरी हवेचं सगळं गणित कोसळतं, चाचणी पहिल्यापासून. मी 'नको'वर खूण केली. दोन मिनिटंही लागली नाहीत. वर दादाला, माझ्या थोरल्या भावाला, फोनवर ऐटीत सांगितलंही.

घरून दर रविवारी एक व्हिडिओ आत यायचा. पहिल्या रविवारी आई हिरव्या साडीत, सुका जवळा महागलाय म्हणाली. दुसऱ्या रविवारी तीच साडी. तिसऱ्यालाही तीच. मी उत्तरात चिडवलं, "आई, बाकीच्या साड्या काय कपाटाला नेसवतेस?" चौथ्या रविवारी पुन्हा हिरवी साडी, आणि माझ्या चिडवण्यावर एक शब्द नाही. मी रुसले. खरंच रुसले.

बाहेर आल्यावर कळलं. इस्पितळात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी आईने दादाला समोर बसवून चारही व्हिडिओ एका बैठकीत काढून घेतले होते. साडी बदलण्याइतकी ताकद नव्हती. दुसऱ्या रविवारच्या आधीच ती गेली. "तिची चाचनी हाय, तिला कलू देऊ नका," हे तिचंच शेवटचं सांगणं. दादा एकेक व्हिडिओ पाठवत राहिला. माझं चिडवणं बाबांनी एकट्याने ऐकलं.

मी पोचले तेव्हा तेरावंही उरकलं होतं. बाबांनी एवढंच विचारलं, "तुजं काम नीट झालं ना?" झालं, बाबा. हवा शेवटपर्यंत उत्तम होती.

तुम्ही जे मागे राहिलात, तुमच्यावर मी कुठल्या तोंडाने रागावू? खूण माझीच होती. आणि माझ्यासारखे जे निघून आलात, तुम्हाला सांगायला माझ्याजवळ काही शहाणपण नाही. तोच फॉर्म आता खऱ्या अंतराळवीरांसाठी माझ्या टेबलावर आलाय, आणि मला त्यातली 'कळवायचं का?' ही एक ओळ सुधारता येत नाही.

बाबा दर रविवारी फोन करतात. "सगलं बरं हाय," म्हणतात. घर म्हणजे आता एवढं एकच वाक्य उरलंय, आणि माझा त्यावर विश्वास नाही.