चार एअरबॅग

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी खडकीच्या पुढे, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानात लागलो. वेबसाइटवर टाकलेल्या गाड्यांची माहिती तपासणे हे काम. मॉडेल, इंधन, कितवा मालक, एअरबॅग किती. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काही लिहायचे नाही, असे दुकानाच्या मालकांशी ठरले होते. पण मी येण्याआधीच साइटवर चढलेल्या गाड्या बऱ्याच होत्या. त्या एकेक करून तपासत होतो.

त्या सकाळी एका पांढऱ्या गाडीची डिलिव्हरी होती. घेणारे पेठेतले निवृत्त शिक्षक, गाडी मुलीसाठी. मुलगी हिंजवडीला नोकरी करते. सहकाऱ्याच्या गाडीतून घरी येताना बायपासवर एका टेम्पोने बाजूने धडक दिली आणि तिच्या बरगड्या मोडल्या. तेव्हापासून ती कंपनीच्या बसने जात होती. शिक्षकांनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता: बाजूच्या एअरबॅग आहेत का? साइटवर चार लिहिल्या होत्या. दोन पुढे, दोन सीटच्या कडेला. त्यावर व्यवहार ठरला.

बॉनेटवर हार पडला. मुलगी ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरसे नीट करत होती. मी नेमका तेव्हाच या गाडीच्या फोटोंपर्यंत पोहोचलो. याच मॉडेलची दुसरी एक गाडी आदल्या दिवशी तपासली होती. तिच्या सीटच्या कडेला एअरबॅगची छोटी कापडी पट्टी शिवलेली होती. या गाडीच्या सीटवर नवी कव्हरे होती. पट्टी असती तरी दिसली नसती. मग चार हा आकडा कुठून आला? बाजूच्या एअरबॅग या मॉडेलच्या फक्त महागड्या प्रकारात, व्हेरियंटमध्ये येतात. मागच्या दारावर त्या व्हेरियंटची अक्षरे होती, त्यावरून कोणी तरी भरला असणार. बाहेर जाऊन ती अक्षरे पाहिली. किंचित तिरकी होती. कारखान्यातून तिरकी येत नाहीत. ॲक्सेसरीच्या दुकानात सुटी मिळतात. लोक हौसेने लावतात.

मालकांना बाजूला घेऊन सांगितले. ते हळू आवाजात म्हणाले, "अहो, हार घातलाय गाडीला. आत्ता?"

"कव्हर काढून बघू. पट्टी निघाली तर प्रश्नच नाही."

"आणि नाही निघाली तर?"

शिक्षक आमच्याकडेच पाहत होते. "काय खलबतं चाललीत? गाडीत काही घालायचं राहिलंय का?"

"काही नाही सर," मालक हसले. "किरकोळ तपासणी."

"किरकोळ असेल तर आमच्यासमोरच करा. आम्हालाही तेवढीच करमणूक."

मी त्यांना सांगितले की साइटवरची एअरबॅगची माहिती चुकीची असू शकते. हसू थांबले. मुलगी खाली उतरली, पण दाराला धरून उभी राहिली.

मालकांनी कटर आणला. सीटच्या मागच्या दोऱ्या त्यांनी स्वतः कापल्या. कव्हर घट्ट बसवलेले होते, ओढून काढावे लागले. कडेचे कापड कोरे होते. ते दुसऱ्या बाजूला गेले आणि त्याही सीटचे कव्हर काढले. तेही कोरे.

"बाबा, नाहीयेत," मुलगी म्हणाली.

"सर, किमतीचं आपण बघू," मालक म्हणाले. "आणि खरं सांगू का, शेकडो लोक अशाच गाड्या चालवतात."

"मग त्या शेकडोंना विका. आम्हाला एकच मुलगी आहे."

मुलीने किल्ली बॉनेटवर ठेवली. "उद्यापासून परत कंपनीची बस," ती वडिलांना म्हणाली. दोघे फाटकाशी जाऊन रिक्षाची वाट पाहू लागले.

मी आत जाऊन चारचे दोन केले. पण आमच्या साइटवरची माहिती आणखी दोन साइटवर जात असे. तिथे बदल दिसायला वेळ लागणार होता. तेवढ्यात मालकांचा फोन वाजला.

"हो, पांढरी. आहे अजून." ते ऐकत राहिले. फाटकाशी शिक्षकांनी मान वळवली होती. "नाही," मालक म्हणाले. "चार नाहीत. दोनच. तिथं चुकीचं लिहिलंय." थोड्या वेळाने, "नाही हो, बाजूला काहीच नाही."

पलीकडून फोन बंद झाला. मालकांनी तो टेबलावर पालथा ठेवला. "न तपासलेल्या अजून किती आहेत?" त्यांनी विचारले. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "तपासून होईपर्यंत त्या सगळ्या उतरवा साइटवरून."