सुचेताच्या दोन रिंगा

सुचेता,

तू रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर मला गुलाबाची फुलं पाठवतेस, ती आधी बंद कर. फुलं काय, कोणीही पाठवतं. मिहीरनं परस्पर पाठवायची सोय करून दिली असेल तर मला काय कळणार? शंका आली ती विचारली, राग मानू नकोस. ब्रॅकनेलला त्यांच्याकडे लँडलाइन नाही हे ठाऊक आहे मला, पण मोबाइलवरून दोन रिंगा देऊन कापायला काय होतं? परवा लेस्टरला गेले होते. तुझं दार नव्या लोकांनी राखाडी रंगवलंय. काच तीच आहे, हसमुखभाईंनी बसवून घेतलेली. अजून तिरकीच.

इथपर्यंत लिहिलं आणि मधुमतीचं पेन थांबलं. एरवी या बाईला शब्दासाठी थांबायची सवय नाही. पण दाराचा विषय निघाला आणि पुढचं काही कागदावर उतरेना.

सुचेता ओगले म्हणजे कोणी नावाजलेली बाई नव्हे. मिरजेहून बीएस्सी होऊन डॉक्टर नवऱ्याच्या मागोमाग सत्तरच्या दशकात लेस्टरला आली आणि पुढं सगळी नोकरी हॉस्पिटलच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये, साडीवर पांढरा कोट चढवून केली. ड्रायव्हिंग टेस्टला तिसऱ्यांदा नापास झाली तेव्हा परीक्षकाला तोंडावर सांगून आली, की तुमच्यासारख्या घाबरट माणसानं हे काम करू नये. मग जन्मभर बसनं हिंडली. बेलग्रेव्ह रोडवरचा भाजीवाला ती दिसली की मेथीच्या जुड्या आपणहून झटकायला लागायचा, कारण मातीचे पैसे ती देत नसे.

मधुमतीशी तिची गाठ पडली ती इंग्लंडातल्या पहिल्याच हिवाळ्यात, आणि दोन रिंगांचा कायदाही तेव्हाचाच. फोनला पैसे पडायचे. एकमेकींकडे जेवून निघालं, की घरी पोचल्यावर फोन लावायचा, दोन रिंगा द्यायच्या आणि कापायचा. पोचलो. पलीकडच्यानं उचलायचा नाही. आपल्या सगळ्याच घरांत ही पद्धत होती. पुढं मुलं पांगली, दोघींचे नवरे गेले, आणि रिंगांची वेळ रात्रीवरून सकाळी आठवर आली. आठला सुचेता दोन रिंगा द्यायची. उठले, बरी आहे. मधुमतीच्या किचनच्या भिंतीवरचा फोन दोनदा खणखणायचा, मग ती चहात साखर घालायची.

सुचेताला आता एकच गोष्ट हवी होती, आपलं घर सोडायचं नाही. मुलगा मिहीर ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत. 'आई, तू एकटी नको राहू' हे त्याचं पालुपद. तिच्यासाठी त्यानं गॅरेजची खोली करून घेतली होती, खाली गरम फरशी, सगळं.

"गाडी ठेवायच्या जागेत मला ठेवणार," सुचेता म्हणायची. "मी काय जुनी फोर्ड आहे?"

मधुमती राहते ऑसलबीला, लेस्टरपासून अर्ध्या तासावरच्या खेड्यात. करोना सरला, त्याच्या पुढच्या वर्षी तिथं फायबर आलं. तांब्याच्या तारा बंद, अख्ख्या गावाचे फोन इंटरनेटवरून. व्हिलेज हॉलमध्ये मीटिंग झाली. नव्वदीच्या मिस्टर प्रिचर्डनी हात वर करून विचारलं, वीज गेली की फोनही जाणार ना? कंपनीच्या बाईनं सरळ हो म्हटलं, आणि हवी त्याला बॅटरी मिळेल असंही सांगितलं. तेवढ्यात मधुमती उठून म्हणाली, "मिस्टर प्रिचर्ड, तुमचं ऐकलं असतं तर हे गाव अजून मेणबत्तीवर असतं." हॉल हसला. मिस्टर प्रिचर्ड हसले नाहीत. बॅटरी त्यांनी घेतली, मधुमतीनं घेतली नाही.

केली नावाची इंजिनिअर घरी आली, पुढच्या खोलीत राउटर बसवला आणि म्हणाली, किचनमधल्या फोनची वायर भिंतीतून काढून या राउटरच्या मागे लावा, जुनी लाइन आज रात्री बंद होईल. मी लावून देऊ का? "मी एमएस्सी आहे," मधुमती म्हणाली. केली गेल्यावर तिनं किचनमधला रिसीव्हर उचलून पाहिला. टोन छान येत होता. मग कशाला हलवायचा? चहा ती किचनमध्ये पिते.

दुसऱ्या दिवशी आठला रिंग आली नाही.

सव्वाआठला मधुमती कोट चढवून गाडीत होती. भिंतीवरचा फोन उचलून बघायचंसुद्धा तिला सुचलं नाही. गावाबाहेर मोबाइलला सिग्नल मिळतो तिथं थांबून तिनं सुचेताला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा तेच. बेलग्रेव्हच्या गल्लीत पोचेपर्यंत तिच्या मनानं सुचेताला चितेवर ठेवली होती. बेल वाजवली, दार बडवलं. शेजारचे हसमुखभाई पायजम्यावर बाहेर आले.

"चावी छे?"

"चावी असती तर तुम्हाला उठवलं असतं का? हातोडी आणा."

हसमुखभाईंनी दाराची काच फोडली, आत हात घालून कडी काढली, आणि जिन्यावर सुचेता उभी. डोक्याला मेंदी, त्यावर सुपरमार्केटची प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली.

"काय गं, दरोडा घालायला आलीस का?"

मधुमती खालच्या पायरीवर बसली. "तू मेलीस असं वाटलं मला. रिंग नाही दिलीस."

"दिली की. माझ्या या कानांनी ऐकली, दोनदा वाजली, कापली."

"आणि मी इतके फोन केले ते?"

"तो अनोळखी नंबर तुझा होय? मिहीरनं सांगून ठेवलंय, अनोळखी नंबर उचलायचा नाही. मी म्हटलं, हे फसवणारे आज फारच हात धुऊन लागलेत."

उलगडा व्हायला चहाचा एक कप लागला. सुचेताची रिंग ऑसलबीच्या राउटरपर्यंत व्यवस्थित जात होती. राउटरला फोनच जोडलेला नव्हता. सुचेताच्या कानात वाजत होतं, मधुमतीच्या घरात काहीच वाजत नव्हतं.

"म्हणजे गेलेला फोन तुझा, आणि दार फुटलं माझं," सुचेता म्हणाली. "बरं झालं मी रोज रिंग देऊन तुझ्याकडे लक्ष ठेवते."

"तू माझ्याकडे? लक्ष मी ठेवते तुझ्याकडे."

"कशी ठेवतेस? चहा पीत?"

मधुमतीला हे नवीन होतं. इतकी वर्षं त्या रिंगा तिच्या खबरबातीसाठी येत होत्या, असं सुचेता धरून चालली होती.

हसमुखभाई काचा गोळा करून गेल्यावर सुचेताचा आवाज खाली आला. "मिहीरला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. फुटलेलं दार पाहिलं की तो मला उद्याच्या उद्या गाडीत घालेल."

"मग मला किल्ली दे. पुन्हा काही झालं तर गुपचूप येईन, गुपचूप बघेन."

"एकच आहे. दुसरी शेजारच्या जुन्या बाईकडे होती, ती घर विकून गेली. करून घेऊ. मार्केटात बूटवाल्याकडे करतात, दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचं काम त्या उन्हाळ्यात होईना. एकदा गेल्या तर स्टॉल बंद. एकदा बूटवाल्यानं थांबायला सांगितलं, तशी सुचेता म्हणाली, आधी भेळ खाऊ. भेळेवर मधुमतीच्या सुनेचा विषय निघाला आणि बस आली. एकदा सुचेता किल्लीच घरी विसरली. "मग दार कसं लावलंस?" मधुमतीनं विचारलं. "लॅच ओढून आले. मागचं दार आज उघडंच ठेवलंय, हसमुखभाईंच्या परसातून जाईन." शेवटी नोव्हेंबरात फोनवर ठरलं.

"शनिवारी नक्की. आत्ताच जुडग्यातून काढून ठेव."

"काढते गं, हेडमास्तरीण."

त्याच आठवड्यात गुरुवारी पहाटे वादळ आलं. ऑसलबीच्या तारांवर झाडं पडली, गावाची वीज गेली, मोबाइलचा उरलासुरला सिग्नलही गेला. आठ वाजले, फोन वाजला नाही. मधुमतीनं मेलेल्या राउटरकडे पाहिलं, मिस्टर प्रिचर्डची आठवण काढून त्यांच्यावरच चिडली, आणि गॅसवर चहा ठेवला. रिंग का आली नाही हे तिला ठाऊक होतं. दुपारी रस्ता मोकळा झाला. जाऊन यावं असं एकदा मनात आलंही. पण मागच्या वेळची मेंदी आठवली आणि तिचं तिलाच हसू आलं.

रात्री वीज आली. शुक्रवारी राउटरचा दिवा हिरवा, फोनला टोन. आठ वाजले. साडेआठ वाजले. या वेळेला तिनं घरच्याच फोनवरून लावला, सुचेता ओळखते त्या नंबरावरून. पलीकडे वाजतच राहिला.

मधुमती लेस्टरला पोचली तर हसमुखभाई जामनगरला गेलेले. अग्निशमन दलाच्या माणसांनी कुलूप तोडलं. किचनच्या फरशीवर सुचेता पडलेली, खुबा मोडलेला, ओठ पांढरे, खेचून घेतलेला टेबलक्लॉथ अंगावर. चहाचं आधण ठेवायला उठली तेव्हा पडली होती. गुरुवारी सकाळी.

मधुमती दारात उभी राहिली. तिला पुढं होता येईना. स्ट्रेचरवर घेताना सुचेतानं डोळे उघडले.

"हातोडी नाही आणलीस?"

"बोलू नकोस."

"काल आठ वाजले तेव्हा म्हटलं, आता तू येशीलच. मागच्या वेळेला काय धावत आली होतीस."

"वीज गेली होती, सुचेता."

"माझ्याकडे होती," सुचेता म्हणाली आणि डोळे मिटले. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मधुमतीला उत्तर देता आलं असतं.

शनिवारी ऑपरेशन झालं. मिहीर आला, डॉक्टरांशी बोलला, आणि पुढं कुठं जायचं हे सुचेताला कोणी विचारलंच नाही. तिनंही वाद घातला नाही. तिला वाद न घालता पाहण्याची सवय मधुमतीला नव्हती. तेव्हापासून मधुमती नीट झोपलेली नाही.

मार्चमध्ये घर रिकामं करायला मिहीरनं तिला बोलावलं. सुचेताची लेस्टरमध्येच राहिलेली पर्स त्यानं टेबलावर उपडी केली. बसचा पास, रुमाल, आणि भेळवाल्याच्या कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळलेली एक किल्ली, जुडग्यातून काढून वेगळी ठेवलेली.

"मावशी, हा की कुठला आहे?"

"या दाराची किल्ली आहे."

"पण हे लॉक तर आपण चेंज केला. एजंटला विचारतो, लागेल का ते." त्यानं ती खिशात टाकली आणि वरच्या मजल्यावरचे पडदे काढायला गेला.

मधुमतीनं पेन पुन्हा उचललं. परवा लेस्टरला गेले होते, हे तिनं लिहिलंच होतं. मार्केटातल्या बूटवाल्याच्या स्टॉलसमोर किती वेळ उभी होते आणि त्यानं 'येस, लव्ह?' म्हणून हात पुढं केला तेव्हा त्यावर ठेवायला काहीच नव्हतं, ते मात्र तिनं लिहिलं नाही.