निम्म्या सऱ्यांचं पाणी

पोत्यातून मातीने माखलेले बटाटे ओतले, की त्या ओलसर वासाने मला म्हैसूरजवळचा आमचा मळा आठवतो. त्या वर्षी तळं आटलं होतं आणि पाणी वाटणाऱ्या नीरगंटीने आमची पाळी निम्म्यावर आणली. झाडांखाली बटाटा नुकताच धरू लागला होता. संस्थानच्या घोडदळातून घरी आलेले माझे सासरे म्हणाले, "सगळ्या सऱ्यांना थोडं थोडं देऊ." "बेड, बेड! असं नको," सासूबाई कडाडल्या. "घोटाघोटाने सगळंच जाईल. निम्म्या सऱ्या पोटभर भिजवा, बाकीच्या सोडा." शेजारी हसले आणि त्यांनी आपलं पाणी मळाभर फिरवलं. काढणीला त्यांचे बटाटे वेडेवाकडे, तडकलेले निघाले. आमच्या कोरड्या सऱ्यांतही नुसत्या गोट्याच होत्या. पण भिजवलेल्या सरीत मी खुरपं घातलं, तर मुठीत न मावणारे, गुळगुळीत, घट्ट बटाटे लगडून वर आले. मामंजींनी एक तळहातावर तोलला, टाचा जुळवल्या आणि आयुष्यभर फक्त महाराजांना केलेला कडक सलाम भर मळ्यात सासूबाईंना ठोकला. त्या पदरात तोंड लपवून हसत राहिल्या. आता दोघंही नाहीत. पण बटाटे ओतताना माझ्या टाचा अजून आपोआप जुळतात.