पोहोचलेली सात पत्रं

लिफ्टवाल्यांना दुसऱ्यावर विसंबून राहायचं वावडं होतं. नळ गळला की स्वतः पान्हा घ्यायचे, चष्म्याची काडी मोडली की स्वतःच जोडायचे. एकतीस वर्षं त्यांनी उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. गल्लीत त्यांना नावाने कुणी ओळखतच नसे, पोस्टमनसुद्धा 'लिफ्टवाले' म्हणूनच हाक मारायचा. निवृत्त झाल्यावर महिन्याभरातच त्यांनी जाहीर केलं, की घरातल्या सगळ्यांची ईमेल यापुढे घरातूनच चालणार.

"सगळ्यांची म्हणजे कुणाकुणाची हो?" बायकोने शिवणयंत्रावरून मान न उचलता विचारलं. ती पडदे शिवायची. "तुम्ही, मी आणि लग्न होऊन गेलेली लेक. तिघांसाठी पोस्ट ऑफिस काढताय?"

"काढतोय. आपली पत्रं परक्याच्या गोदामात का म्हणून ठेवायची?"

एका बंद पडलेल्या कचेरीतला जुना कॉम्प्युटर त्यांनी उचलून आणला आणि चपलांच्या कपाटावर मांडला. दोन महिने जाडजूड पुस्तिका वाचली, इंटरनेट कंपनीच्या माणसाला फोन करकरून सळो की पळो करून सोडलं. शेवटी एके दुपारी बायकोचा फोन वाजला. तिने कात्री ठेवली, चष्मा चढवला आणि पहिलं पत्र वाचलं. 'जेवायला वाढ,' एवढंच त्यात होतं.

"अहो, हाक मारली असती तर ऐकू आलं नसतं का?" म्हणत ती इतकी हसली, की पडद्याची शिवण वाकडी गेली.

पुढे तिला त्याचा उपयोगही झाला. गिऱ्हाइकं खिडक्यांची मापं मेलवर पाठवायची, ती एका बोटाने टाइप करून उत्तर द्यायची. लेकीसाठीही त्यांनी पत्ता काढला होता, पण ती म्हणाली, "बाबा, मला एक पेटी पुरते हो. माझी जुनीच बरी आहे." तिचं म्हणणं त्यांना जरा लागलं.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी तीच लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली. "मी आता त्या घरी परत जाणार नाही," म्हणाली.

आई तेव्हा कापड बेतत होती. घाबरली की तिची जीभ आधी धावायची. "चार दिवस राहा आणि मुकाट्याने परत जा. इथे कायमचं बिऱ्हाड मांडता येणार नाही."

लिफ्टवाले हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन कपाटाशी उभे होते. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं. लेकीने पाण्याच्या पेल्यालाही हात लावला नाही. आली तशी गेली.

तिने दुसऱ्या शहरात खोली घेतली आणि एका दवाखान्यात डोळ्यांचे नंबर तपासायची नोकरी धरली. आईचा फोन ती उचलेना. वडिलांचा उचलायची, पण "बरी आहेस ना?" "बरी आहे," यापलीकडे गाडी जायची नाही.

आईचं चित्त उडालं. मापं चुकायला लागली. एक दिवस ती म्हणाली, "अहो, लिहू का मी तिला? पण तुम्ही वाचायचं नाही हं."

घरातल्या कुणाचीही पेटी त्यांना उघडता आली असती, पण त्यांनी कधी उघडली नव्हती. "नाही वाचणार," म्हणाले.

तीन दिवस ती एका बोटाने लिहीत होती. पाठवल्यावर त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. "गेलं का?"

त्यांनी कपाटावरच्या यंत्रातली नोंद उघडली आणि बोट ठेवून दाखवलं. "हे बघ. तिच्याकडच्या यंत्राने घेतलं म्हणून लिहिलंय."

"म्हणजे पोहोचलं?"

"पोहोचलं म्हणजे पोहोचलं. माझं यंत्र खोटं बोलत नाही."

दहा महिन्यांत तिने सात पत्रं लिहिली. सातही वेळा त्यांनी नोंद दाखवली. चौथ्यानंतर तिने उत्तर आलं का, हे विचारणं सोडलं. सहाव्यानंतर म्हणाली, "वाचत तर असेल ना?"

"वाचत असेलच की."

"मग रागच तेवढा मोठा असणार. असू दे. माझंच तोंड फाटकं."

लेकीला सरळ विचारावं, असं त्यांच्या ओठांवर कितीदा तरी आलं. पण मायलेकींच्या मधे आपण कशाला पडा, म्हणून ते गप्प राहिले. आयुष्यभर ते असेच गप्प राहिले होते, आणि लोक त्याला शहाणपण म्हणायचे.

सातव्या पत्रानंतर तीन आठवड्यांनी बायको सकाळी कापडाच्या टेबलाशी उभी होती, ती तिथेच कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

लेक आली. माणसं येऊन भेटून गेली, घर रिकामं झालं. बापलेक दोघं स्वयंपाकघरात होते. ती कप विसळत होती, ते पुसत होते. पाठमोरीच ती म्हणाली, "शेवटपर्यंत एक ओळ लिहिली नाही आईने मला."

त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. "काय म्हणालीस?"

"एक ओळ, बाबा. मी वाट बघत होते."

"अगं, सात पत्रं लिहिली तिने!"

"आता तरी तिची बाजू सावरू नका."

त्यांनी तिला फोन काढायला लावला. पेटी चाळली, काही नव्हतं. मग त्यांनी तो कोपरा उघडायला सांगितला, जिथे नको असलेली पत्रं जाऊन पडतात. केसांच्या तेलाच्या जाहिराती, लागलेल्या-न लागलेल्या लॉटऱ्या, आणि त्यांच्यामध्ये आईचं नाव. एकच पत्र. तिथलं सगळं तीस दिवसांनी आपोआप पुसलं जायचं. आधीची सहा केव्हाच गेली होती.

लिफ्टवाले खाली बसले. लिफ्ट मजल्यावर आली म्हणून काम झालं असं नसतं, दार उघडून माणूस बाहेर पडला पाहिजे, हे त्यांनी किती शिकाऊ कारागिरांना शिकवलं होतं.

घरच्या यंत्रात सातही पत्रांच्या प्रती होत्या. त्यांनी बायकोची पेटी लेकीला उघडून दिली आणि स्वतः जिन्यात जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आतून हाक आली.

"ऐका," ती म्हणाली. तिने वाचून दाखवलं. "'त्या दिवशी कापड कापत होते, तर तोंडही कापतच गेलं. तुझी खोली झाडून ठेवली आहे. उत्तर नको लिहूस. नुसती ये.'" मग तिने त्यांच्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही फोन करत होतात. एकदाही म्हणावंसं वाटलं नाही, की आई तुला लिहिते आहे?"

"मला वाटलं, तू वाचतेस."

"आणि मला वाटलं, माझा विषय काढायचा नाही असं तिने तुम्हाला बजावलंय."

दुसऱ्या दिवशी ती गेली. जाताना म्हणाली, "ते यंत्र बंद करू नका. तिची पत्रं आहेत त्यात."

महिन्याभराने त्यांनी पुस्तिका काढली. घरातून पत्रं पाठवायची तर इंटरनेट कंपनीकडे 'हा पत्ता याच घरचा' अशी एक नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर मोठ्या कंपन्यांची यंत्रं अनोळखी घरचं पत्र घेतात आणि कचऱ्यात टाकतात. गिऱ्हाइकांनी आधी लिहिलेलं असायचं, म्हणून त्यांना उत्तरं नीट जायची. तो परिच्छेद पुस्तिकेत होता. शेजारी त्यांच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नंतर'. काम एका अर्जाचं होतं.

त्यांनी अर्ज भरला. आठवड्याने लेकीला मेल पाठवली आणि लगेच फोन लावला. "आली का?"

"आली."

"कुठे आली? त्या कोपऱ्यात?"

"नाही. समोरच आहे." तिने ती उघडली. "'चाचणी' एवढंच लिहिलंय, बाबा. मला लिहिण्यासारखं दुसरं काही नव्हतं का?"

"लिहितो," म्हणाले आणि फोन ठेवला. मग बायकोच्या स्टुलावर बसून त्यांनी 'चिरंजीव बाळास' लिहिलं, पुढची ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. दुपार उलटून गेली तरी ते तिथेच बसून होते.